फक्त आवाजच जातो ना, मॅडम?

नवीन वस्तू घरात आली की तिचं खोकं आपण माळ्यावर टाकतो. 'असू दे, लागेल कधीतरी.' मग एक दिवस माळ्याचं दार उघडावं, तर सगळी खोकी डोक्यावर! किस्स्यांचं तसंच असतं. आमच्या खराडीच्या ऑफिसात चहाच्या मशीनपाशी कुणी नुसतं 'लॅपटॉप' म्हटलं, की वंदनाचा एक किस्सा पडतो, त्याच्यामागून दुसरा, आणि चहा गार झाला तरी ते थांबत नाहीत. हे सगळे एकाच लॅपटॉपचे आहेत, हे नव्या माणसाला पटत नाही. मलाही पटलं नसतं. पण मी तिथं होतो ना!

आधी माणसं सांगतो. आमच्या टीमचं काम म्हणजे लोकांच्या वेबसाइट आणि अ‍ॅप तपासायची, त्यांच्यातल्या चुका काढायच्या. दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार! पुण्यातल्या माणसाला आणखी काय हवं? टीममध्ये मी, मिलिंद. तापट म्हणून प्रसिद्ध, आणि ते अजिबात खोटं नाही. दुसरा इरफान. त्यांचं कॅम्पात आजोबांपासून भांड्यांचं दुकान, त्यामुळं घासाघीस पोरगा पाळण्यातच शिकलेला. आणि तिसरी वंदना, धायरीची. तिला जन्मापासून दिसत नाही.

तिच्या लॅपटॉपमध्ये एक सॉफ्टवेअर असतं. पडद्यावर जे असेल ते मोठ्यानं वाचून दाखवतं. बटण दाबलं की 'बटण', चूक झाली की 'चूक'. त्या आवाजाला आम्ही 'बाई' म्हणतो. वंदना या बाईला इतकी पळवते, की आपल्याला एक अक्षर कळत नाही. इरफाननं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याला वाटलं, कुणीतरी मिक्सरमध्ये शेंगदाणे टाकलेत. वंदनाला मात्र सगळं कळतं. वर, 'ही आज जरा हळूच बोलतेय,' अशी तिची तक्रार!

*

एकदा नवीन मॅनेजर आला. तरुण, उत्साही, टाय वगैरे. सगळ्यांच्या मागून फिरत फिरत तो वंदनाच्या टेबलापाशी आला आणि थबकला. स्क्रीन काळाकुट्ट, आणि ही बोटं चालवतेय.

"मॅडम, लॉगिन नाही केलंत?"

वंदनानं हेडफोन काढला. "केलंय की. सकाळपासून तुमच्याच मॉड्यूलमधल्या चुका काढतेय."

"पण स्क्रीन तर बंद आहे!"

"हो. तेवढीच बॅटरी वाचते."

मॅनेजर जो गेला, तो पुन्हा कुणाच्या मागून फिरला नाही. सगळ्या मजल्याचं भलं झालं.

*

तर ही वंदना आमच्याकडं कॉन्ट्रॅक्टवर होती. काम आमच्यापेक्षा सरस, पण दरवर्षी तेच, 'बघू पुढच्या वर्षी.' शेवटी कंपनीनं सांगितलं की एक ऑनलाइन टेस्ट घेऊ, पास झालात तर पर्मनंट. टेस्ट घरून द्यायची, स्वतःच्या लॅपटॉपवर. ऑफिसचा लॅपटॉप चालणार नाही. का, ते विचारू नका, एचआरलाही माहीत नाही. एकदा सुरू केली की थांबवता येणार नाही, आणि संधी एकच.

वंदनानं स्वतःच्या पैशानं नवाकोरा लॅपटॉप घेतला. वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, त्याला हळदकुंकू लावलं. आणि पहिल्याच आठवड्यात बाईची वाचा बसली! बोलता बोलता मधेच आवाज गायब. हेडफोन लावा, स्पीकर लावा, काही नाही. बंद करून चालू केला की परत येई, परत जाई. टेस्टच्या मध्यात असं झालं असतं, तर टेस्ट, नोकरी आणि पुढची सगळी वर्षं तिथंच संपली असती. हे तिला माहीत होतं, आम्हालाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त लॅपटॉपवाल्या कंपनीच्या कस्टमर केअरला.

तिनं आमच्यासमोर फोन लावला, स्पीकरवर. पलीकडं एक गोड आवाजाचा मुलगा.

"मॅडम, स्क्रीनवर काय दिसतंय तुम्हाला?"

"मला काहीच दिसत नाही."

"म्हणजे डिस्प्ले गेलाय?"

"डिस्प्ले नाही हो. डोळे."

"ओके मॅडम. कधीपासून?"

"जन्मापासून."

टकटक टाइप केल्याचा आवाज. मग तो तितक्याच गोडीनं म्हणाला, "बिल आहे का मॅडम त्याचं?"

मी टेबलावर मूठ आपटली. इरफान खुर्चीतून घसरला. आणि वंदना शांतपणे म्हणाली, "आण्णांना विचारून सांगते."

*

मग सर्व्हिस सेंटर. ते बिबवेवाडीत. एका बाजूला पिठाची गिरणी, दुसऱ्या बाजूला झेरॉक्स, मधे हे काचेचं दार आणि आत एसी. मी सोबत गेलो. खरं सांगायचं तर भांडायलाच गेलो. वंदना म्हणाली, "दादा, या तुम्ही. पण आत बोलू नका."

तिनं काउंटरवर नीट सांगितलं की आवाज जातोय. काउंटरवाल्यानं 'आवाज' असंच लिहून घेतलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. लॅपटॉप आत गेला. दोन दिवसांनी फोन, घेऊन जा, झालाय.

गेलो. इंजिनीअर स्वतः बाहेर आला, चेहऱ्यावर नुसता आनंद. "मॅडम, आवाजाचं किरकोळ असेल काहीतरी. पण उघडला तर बघतो काय, डिस्प्ले पार गेलेला! एकदम काळा! तुम्ही सांगितलंच नाहीत! पण आम्ही सोडतो का? नवा डिस्प्ले टाकला. वॉरंटीत, फ्री!"

आता हिचा ब्राइटनेस कायम शून्यावर असतो. आणि त्या भल्या माणसानं तेवढं एक बटण दाबून न बघता अख्खा डिस्प्ले बदलला होता! मला हसावं की रडावं कळेना.

वंदनानं नव्या डिस्प्लेवरून हात फिरवला. "छान आहे," ती म्हणाली. "आता आवाजाचं बघता?"

*

पुन्हा लॅपटॉप आत. पुन्हा फोन. या वेळी इंजिनीअर दुसरा, वयानं मोठा, कपाळाला आठ्या.

"मॅडम, प्रॉब्लेम सापडला. तुमच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस होता."

"व्हायरस?"

"भयंकर! चालू केल्या केल्या एक बाई बडबडायला लागायची. काहीही दाबा, बोलतेय आपली! आमचा अख्खा वर्कशॉप वैतागला. कुठून डाउनलोड करता हो तुम्ही लोक असलं? पण काढून टाकलं मुळापासून. आता बघा, एकदम शांत!"

त्यानं खरोखरच लॅपटॉप उघडून दाखवला. एकदम शांत होता.

इथं माझा तोल गेला. "अहो, तुम्ही डोक्यावर पडलात का?" इथपासून मी सुरुवात केली आणि बराच पुढं गेलो. ग्राहक मंच, पेपरात बातमी, सगळं काढलं. गिरणीवाला दळण थांबवून बघायला आला. इंजिनीअरही चिडला, आत निघून गेला, आणि त्या दिवशी काही म्हणजे काही झालं नाही.

बाहेर आल्यावर वंदना म्हणाली, "दादा, छान बोललात. मन मोकळं झालं ना तुमचं?"

"हो."

"बरं झालं. आता उद्या मी येते, माझ्या कामाला."

सांगतो तुम्हाला, मला आजवर बायकोनंसुद्धा असं गप्प केलेलं नाही.

*

यानंतर 'दोष आढळला नाही' प्रकरण. हे तर तुम्हालाही माहीत असेल. घरी गाडी खडखडते, मेकॅनिककडं नेली की साळसूद! लॅपटॉपचं तेच. वंदनानं बाई परत घातली, तर सेंटरवर ती खणखणीत बोलायची, धायरीला नेली की मुकी. सेंटरचे मॅनेजर साळवी साहेब. पन्नाशीचे, चष्मा, बोलणं अत्यंत सभ्य. सभ्य माणसाशी भांडता येत नाही, हा मोठाच त्रास असतो. "मॅडम, आमच्याकडं दोष दिसत नाही. दोष दिसल्याशिवाय रिप्लेसमेंट नाही. पॉलिसी आहे."

त्या दिवशी आमच्यासोबत आण्णाही होते. धायरीत शेती होती तेव्हा त्यांनी बैलांचे सौदे केलेले. आता तिथं बिल्डिंगी झाल्या, पण सौद्याची नजर कुठं जाते! त्यांनी साळवींचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सायेब, बैल बाजारात कदी लंगडत न्हाई. बांधावर नेला की लंगडतो. तवा ह्याला आता हितंच जुपू. वंदे, बस खाली."

आणि वंदना बसली! वेटिंगच्या सोफ्यावर, मांडीवर लॅपटॉप. सुट्टी टाकली होती तिनं. बाईची गती कमी केली, कधी नव्हे ती माणसाला कळेल अशी. हेडफोन काढला, आवाज फुल्ल. आणि वाचायला काय लावलं? या कंपनीच्याच वेबसाइटवरचं पान, 'आमचं ग्राहकांना वचन'!

सेंटर भरलेलं. कुणाचा चार्जर, कुणाचा कीबोर्ड, जो तो आपापल्या दुःखात. आणि वरून बाई ठणठणीत आवाजात सगळ्यांना कंपनीचं वचन ऐकवतेय. पान संपलं की परत पहिल्यापासून. लोक आधी वैतागले, मग ऐकायला लागले, मग माना डोलवायला लागले. साळवी केबिनमधून दोनदा डोकावले, पण मोठ्यानं वाचू नका म्हणणार कसे? त्यांच्याच कंपनीचं वचन होतं!

दुपारी जेवणाच्या सुमारास बाई म्हणाली, "वस्तूत दोष आढळल्यास आम्ही ती विनाविलंब..." आणि गप्प! एसीची घरघर तेवढी ऐकू येत होती.

कोपऱ्यातले एक आजोबा कान पुढं करून म्हणाले, "विनाविलंब काय? पुढं?"

वंदनानं लॅपटॉप केबिनच्या दिशेनं वळवला. "पुढचं साहेब सांगतील."

मी खोटं बोलत नाही, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आण्णांनी फक्त मान हलवली, "लंगडला," म्हणाले, आणि डबा उघडला.

*

दोष दिसला म्हणजे रिप्लेसमेंट मिळाली असं वाटलं असेल तर तुम्ही फार भोळे आहात. आता सुरू झाल्या ऑफर! इरफान म्हणाला, "ऑफर आली म्हणजे गिऱ्हाईक नाही, दुकानदार घाबरलाय. आता मी येतो."

पहिली ऑफर, वापरून परत आलेला, दुरुस्त केलेला लॅपटॉप. वंदना म्हणाली, "मी नवा घेतला होता." दुसरी ऑफर, वरचं मॉडेल, फक्त फरकाची रक्कम भरायची.

"टच स्क्रीन आहे मॅडम!" साळवी उत्साहानं म्हणाले. "नुसतं बोट लावायचं!"

"कुठं?" वंदनानं विचारलं.

साळवी मग घाईघाईनं म्हणाले, "बरं, मग असं करू. हाच परत एकदा रिपेअर करतो, आणि वर आमच्याकडून वायरलेस माउस फ्री."

"तो राहू दे साहेब. माउसचा बाण कुठं आहे ते बघायला डोळे लागतात. तेही देणार असाल तर घेते."

इरफान तर भलताच रंगात आला होता. घासाघिशीचं रक्त उसळलेलं. त्यानं तिच्या कानात कुजबुज केली, "वंदना, तो वाकलाय! वरचं मॉडेल फुकटात माग. देईल! वर एक वर्ष जास्तीची वॉरंटी. मी सांगतो ना!"

आणि माझ्याही मनात तेच होतं. एवढा छळ केलाय, तर काढा की त्यांच्याकडून चार पैसे जास्त! पण वंदना साळवींनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी जे घेतलं होतं तेच मला पाहिजे, चालणारं. कमी नको, जास्तही नको."

परत येताना अर्धा रस्ता इरफान नुसती मान हलवत होता. मग म्हणाला, "तीन पिढ्या दुकान आहे आमचं. पण असं गिऱ्हाईक माझ्या बापानंही पाहिलं नसेल."

*

टेस्ट जवळ आली. तारीख लागली. आण्णा फोन करून मला विचारायचे, "दादा, पोरीचं हुईल ना?" आणि मी 'होणार, होणार' म्हणायचो, पण मला झोप लागत नव्हती. वंदना डबासुद्धा पुरता खात नव्हती.

आम्ही तिघं पुन्हा बिबवेवाडीला गेलो. साळवींनी खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. म्हणाले, "मॅडम, माझा नाइलाज आहे हो. हेड ऑफिसचं म्हणणं, हा किरकोळ दोष. लॅपटॉप चालू होतो, कीबोर्ड चालतो, डिस्प्ले तर नवाच आहे. फक्त आवाजच जातो ना, मॅडम? किरकोळ दोषाला रिपेअर. रिप्लेसमेंट नाही."

मी उठलो होतो. इरफाननं माझा शर्ट मागून धरला.

वंदना म्हणाली, "साहेब, तुमच्या टेबलावर कॉम्प्युटर आहे ना? त्याचा मॉनिटर बंद करता जरा?"

साळवी हसले. पण सभ्य माणूस, केला बंद.

"आता माझी तक्रार टाइप करा. मी सांगते."

"अहो मॅडम, काही दिसत नाहीये."

"कॉम्प्युटर चालू आहे?"

"आहे."

"कीबोर्ड चालतोय?"

"चालतोय."

"मग किरकोळ दोष आहे. करा टाइप."

साळवींची बोटं कीबोर्डवर होती. तशीच राहिली. त्या काळ्या काचेकडं ते बघत बसले. मी त्या माणसावर महिनाभर दात खात होतो, पण त्या क्षणी त्यांच्या तोंडाकडं मला बघवेना. वंदना हळू आवाजात म्हणाली, "साहेब, तुमच्याकडं मॉनिटरचं बटण आहे. माझ्याकडं ती बाईच आहे. ती गेली की माझ्यापुरता सगळा लॅपटॉप गेला. आणि रविवारी माझी टेस्ट आहे."

मॉनिटर चालू न करताच साळवींनी फोन उचलला, हेड ऑफिसला लावला. बराच वेळ पलीकडचं ऐकत होते. मग म्हणाले, "नाही सर. किरकोळ नाही. मी बघितलंय." आणि थोड्या वेळानं, "मग माझ्या नावावर टाका."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. बाहेर येऊन आम्ही तिघांनी उसाचा रस घेतला. रसवाल्याशीसुद्धा मी भांडलो नाही!

*

पुढचं सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. लॅपटॉप मिळाला, तोच, तसाच, नवा. रविवारी टेस्ट झाली, बाई शेवटपर्यंत बोलली, वंदना पास झाली. आज ती पर्मनंट आहे आणि माझ्या चुका काढते. आण्णांनी धायरीहून अख्ख्या मजल्याला पुरतील एवढे पेढे आणले.

पण सगळ्यात भारी किस्सा टेस्टचा नाही. तो आदल्या दिवसाचा आहे. शनिवारी आम्ही लॅपटॉप घ्यायला गेलो तेव्हाचा.

सेंटर गच्च भरलेलं. वंदना काउंटरपाशी खुर्चीवर, आण्णा तिच्या बाजूला, मी आणि इरफान मागं उभे. साळवी स्वतः सीलबंद खोकं घेऊन आले. इंजिनीअर पुढं झाला, "द्या सर, मी चेक करून देतो." साळवी म्हणाले, "नको. हा मी करतो."

त्यांनी खोकं उघडलं, लॅपटॉप काउंटरवर ठेवला, बाईचं सॉफ्टवेअर घातलं. आम्हाला वाटलं झालं. तर त्यांनी ब्राइटनेस पार खाली नेला. स्क्रीन काळा झाला. मग चष्मा काढून खिशात ठेवला, दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले आणि डोळे मिटले.

बाई बोलायला लागली, सावकाश. साळवी एक बटण दाबत, ऐकत, चुकत, मागं येत. पुन्हा दुसरं. कपाळावर घाम. चुकीचंच काहीतरी उघडे, बाई ते वाचून दाखवी, ते बंद करायला त्यांना पाच बटणं लागत. मागं रांग वाढत होती. रांगेतल्या एक मावशी म्हणाल्या, "अहो, आमचं कधी..." इरफाननं त्यांच्याकडं बघून ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी पुढं पाहिलं आणि त्याही गप्प झाल्या. आण्णा टक लावून बघत होते. 

वंदनाला यातलं काहीच माहीत नाही. तिला फक्त रडतखडत चाललेली बाई ऐकू येत होती. ती जाम कंटाळली. शेवटी म्हणाली, "साहेब, झोप लागली का?"

"नाही मॅडम," साळवी म्हणाले. "डोळे मिटून चेक करतोय."

वंदना खुर्चीत नीट मागं टेकली.

"मग घाई करू नका," ती म्हणाली.